कलम सतरा

मार्चचा पहिला मंगळवार.
बर्फ म्हणून राहायचं की चिखल व्हायचं,
रस्त्यांचं अजून ठरत नव्हतं.
व्हरमाँटमधल्या आमच्या गावाची वार्षिक सभा
शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या कड्याखाली.
मी गावाची कारकून. माझं काम इतकंच :
कोण उठलं, काय म्हणालं, किती मतं.
टोमणे, खोकले, खुर्च्यांची कुरकुर
इतिवृत्तात येत नाही.

कलम पंधरा : रस्त्यांसाठी मीठ. मंजूर.
कलम सोळा : ग्रेडरला दोन टायर. कुरकुरत मंजूर.
कलम सतरा : वाचनालयाला वेगवान इंटरनेट,
हमरस्त्यावरच्या खांबापासून सव्वा मैल केबल,
अकरा हजार चारशे डॉलर.

ओडेट लाबार्ज उठली. आमची ग्रंथपाल,
आठवड्याचे एकवीस तास पगारी, उरलेले बिनपगारी.
भाषण नाही केलं. वही उघडली आणि वाचलं :
सोमवार. टेसाची नर्सिंगची परीक्षा.
एकोणिसाव्या प्रश्नाला लाइन गेली.
मंगळवार. बेकारी भत्त्याचा अर्ज,
शहाण्णव टक्क्यांवर घोडं अडलं. पुन्हा पहिल्यापासून.
बुधवार. चार मुलं, ज्वालामुखीचा एक व्हिडिओ.
लाव्हा अर्ध्या डोंगरावर थांबला.
मुलांनी वाट पाहिली.
मग घरी गेली.

डेल्मर पाइक उठला. त्याचं मेपलचं गुऱ्हाळ आहे,
चाळीस गॅलन रस आटवावा तेव्हा एक गॅलन पाक.
बोलताना मात्र तो उलटा जातो,
एक गॅलन मुद्द्यात चाळीस गॅलन पाणी.
मी फक्त पाक लिहून घेतला :
पुस्तकाला वायर लागत नाही.

मग कुणीतरी सुचवलं, निम्मे पैसे देऊ.
म्हणजे निम्मा वेग ना?
‘निम्मा रस्ता,’ ओडेट म्हणाली,
‘केबल क्रोनिनांच्या गोठ्यापर्यंत येईल.
गाईंची सोय होईल.’
हसले सगळे. क्रोनिनसुद्धा.

आवाजी मतदानात कळेना, म्हणून उभं करून मोजलं.
बाजूने पंचावन्न.
विरोधात छप्पन्न.
मागचे पाढे, तेही नेमके तेवढेच.

मोजणाऱ्यालाही मत असतं.
माझ्या हातात पेन होतं, मी बसून राहिले.
उठले असते तर बरोबरी झाली असती,
आणि बरोबरीत ठराव पडतोच,
असं मी स्वतःला दोनदा सांगितलं.

जेवणात बीन्स, हॅम, सफरचंदाचा पाय.
पाय ओडेटनेच कापला,
सगळ्यांना सारखे तुकडे.
डेल्मरने दुसऱ्यांदा घेतला.

कायदा असा की इतिवृत्त
पाच दिवसांत गावाच्या संकेतस्थळावर टाकायचं.
कचेरीतली लाइन खारींनी कुरतडलेली.
म्हणून शुक्रवारी रात्री दहाला
मी वाचनालयाबाहेर गाडी लावली.
ओडेट आतलं यंत्र रात्रभर चालू ठेवते.
पासवर्ड दारावर, पुठ्ठ्यावर,
म्हाताऱ्यांनाही वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

आधीच सहा गाड्या होत्या,
इंजिनं चालू, काचांवर वाफ,
वाफेमागे निळसर चेहरे.
टेसाचा चेहरा ओळखला. बाकीचे ओळखले नाहीत,
म्हणजे ओळखले, पण इकडे तो शिष्टाचार आहे.

अकरा पानं. कलम सतरा नामंजूर.
पाठवा, म्हटलं.
चक्र फिरू लागलं.

शेजारी डेल्मरचा ट्रक, मागे रसाच्या बादल्या.
स्टिअरिंगला टेकवलेल्या टॅब्लेटवर
अलास्कातलं कुणाचं तरी तान्हं बाळ,
तोंड उघडं, डोळे मिटलेले,
अर्ध्यावर थांबलेलं.
डेल्मर वाट पाहत होता.
घरी जात नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं.
काच खाली केली. मीही केली.
थंडी दोन्ही गाड्यांत शिरली.
‘तुझं किती झालं?’
‘एक्केचाळीस टक्के.’
त्याने मान हलवली, टॅब्लेटकडे बोट केलं.
‘इथे अजून जांभईच चाललीय.’