दुसऱ्या गाण्याच्या मध्यापर्यंत

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती,
आणि मी कॅसेट घेतली.

रिओनीच्या पुलाशी, नुगझारच्या लाडा गाडीच्या बॉनेटवर
ओळीनं मांडलेल्या, थंडीनं कडक झालेल्या.
नोटांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं;
आईच्या डब्यातले दीड किलो अक्रोड दिले.
त्यानं एक फोडला, चघळला, म्हणाला,
"घे. वरचं चित्र खरं आहे, आतलं माझ्या हातचं."

चित्रात लाल केसांची बाई, कुठल्याशा समुद्राकडे पाठ करून.
मागे निळ्या बॉलपेननं दहा गाण्यांची नावं,
एक खोडून पुन्हा लिहिलेलं.

अकरा दिवस मी ती कॅसेट वाचली.
रॉकेलच्या दिव्याशी, दोन-दोन मोजे घालून,
त्सियालाच्या पाठीला पाठ लावून.
नावावरून चाल बांधायची, तिला ऐकवायची.
ती म्हणायची, चौथं जरा रडकं कर.
पेन्सिल खुपसून चाकं फिरवली
की फीत आतून कुजबुजायची.
तेवढंच काय ते संगीत.

बाराव्या रात्री तीनला वीज आली.
अख्खी इमारत उठली. कुणी कणीक मळली, कुणी इस्त्री तापवली,
वरच्या बादरीनं म्हणे दाढी केली.
आमच्याकडे चालू सॉकेट एकच.
आईच्या हातात शेगडीची वायर, माझ्या हातात टेपची.
अक्रोडांचं तिला तोवर कळलं होतं.
बघत राहिली माझ्याकडे,
मग शेगडी खाली ठेवली.

पहिलं गाणं माझ्यासारखं नव्हतंच.
खरं सांगू? माझं बरं होतं.
दुसरं मात्र...
दुसऱ्याला आई कोटासकट खुर्चीत टेकली,
तिचा पाय हलायला लागला,
आणि नेमका तिथंच आवाज जड झाला,
बाईचा बाप्या झाला,
घरंगळत खाली गेला, थांबला.
काळोखात उरलेलं गाणं त्सियालानं म्हणून टाकलं.
मनाचंच.

त्सियाला आता थेसालोनिकीत, कुणाच्या तरी आईला भरवते.
परवा फोनवर तिला ते गाणं लावून दिलं,
अख्खं, स्वच्छ, शेवटपर्यंत.
ऐकून म्हणाली, हे नव्हे.
मग, म्हातारीचा नुकताच डोळा लागलाय म्हणून हळूच,
तिनं मधूनच सुरू केलं,
वीज गेली होती तिथून.