एकाच फ्यूजवर

पाटी दारामागेच आहे:
शेगडी नको, हॉटप्लेट नको, मेणबत्तीही नको.
राहता राहिला मायक्रोवेव्ह,
खणात बायबल असलेल्या टेबलावर
कुरकुरत बसलेला.

ब्यूटमध्येच उभा जन्म गेला.
बत्तीस वर्षं खाणीत वीज जोडली.
डब्यात पेस्टी असायची,
जाड पारी, आत मांस, बटाटा, चरबी.
दुपारी खाल्ली की दिवेलागणीपर्यंत
माणूस जमिनीखाली टिकायचा.
आता मला टिकवायचं काम डॉक्टरीणबाईंकडे.
त्यांनी कागद दिला: साखर इतकी, मीठ इतकं,
आणि विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं?
म्हटलं, आधी घर कुठंय ते विचारा.

पहिल्याच आठवड्यात अंडं फुटलं, आतल्या आत.
आयुष्य सुरुंगांच्या आसपास काढून
मी एका अंड्याला दचकलो.
बलक काट्याने टोचायचा असतो, हे
अकरा नंबरातल्या मार्लिसने सांगितलं,
दारातूनच, कडेवर पोर,
पोरीच्या पायात एकच मोजा.

ती आली होती वेगळ्याच कामाने.
दोघांनी एकदम बटण दाबलं होतं
आणि आमच्याकडे गुडुप अंधार.
मी पेटी उघडून बघितली. दोन खोल्या, एक फ्यूज.
मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, बघू.
या बघूचा अर्थ कुठल्याही वायरमनला कळतो.

मग आमचं आम्हीच ठरवलं:
भिंतीवर एकदा टकटक म्हणजे, लावतेय.
दोनदा म्हणजे, झालं, आता तुम्ही.
भिंतीला कान असतात म्हणतात.
आमच्या भिंतीला पोट होतं.

चव हाताला असते, आई म्हणायची.
इथे हाताला काम एवढंच, धुणं आणि टोचणं,
चव असते ती मिनिटांना.
रताळं सहा मिनिटं, मध्ये एकदा कूस बदलून.
पालक दीड. ढीगभर जातो, मूठभर निघतो,
माझ्या बचतीसारखा.
ओट्सला मोठा वाडगा, नाही तर तबकडी खरवडत बसा.
फरसबी बशीखाली झाकून, चमचाभर पाणी,
मीठ नाही. लिंबू.
लिंबाने तोंड वाकडं होतं
आणि क्षणभर का होईना, जेवल्यासारखं वाटतं.

पलीकडे काय शिजतंय ते वासावरून कळायचं.
गाजर. लाल भोपळा. परत गाजर.
सॅमन मी एकदाच केला.
भिंतीवर तीनदा टकटक झाली.
तीनचं आमचं काही ठरलं नव्हतं.
अर्धा तुकडा बशीत घेऊन गेलो.
जूनीने नाक दाबून धरलं
आणि सगळा खाल्ला.

तीन महिन्यांनी साखर उतरली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय केलंत हो?
म्हटलं, थांबायला शिकलो.
त्यांनी लिहिलं: पथ्य व्यवस्थित.

काल साडेसहाला रताळं टोचून उभा होतो.
पलीकडून काही नाही.
पावणेसात.
खिडकीबाहेर बर्फ, तिच्या गाडीच्या जागी
काळा कोरडा चौकोन,
हळूहळू बाकीच्यासारखा होत चाललेला.
मालक म्हणाला, त्यांना वर वॉकरव्हिलला जागा मिळाली,
चार बर्नरची शेगडी आहे म्हणे.
बरं झालं.
खरंच बरं झालं.

माझ्या दाराशी पिशवी होती:
दोन लिंबं, अर्धा भोपळा,
बिया काढलेला.

फ्यूज आता माझ्या एकट्याचा.
हवं तेव्हा बटण दाबावं, हवं तितका वेळ.
तरी आधी एकदा टकटक केली
आणि उगाच थांबलो जरासा,
हातात कच्चं रताळं घेऊन.