वीस अंश

बाटलीवर लिहिलंय: वीस अंश, नऊ मिनिटं.
हळदोण्यात मे महिन्यात वीस अंश
फक्त इनासच्या टेम्पोत मिळतात,
मालीमहून निघालेल्या तारल्यांच्या खाली.

पहाटे तो दोनदा हॉर्न देतो.
मी बालदी धरतो, तो फावड्याने बर्फ लोटतो.
पैसे घेत नाही. माझो एक फोटो काड, म्हणतो,
आणि दर वेळी: रंगीत कित्याक न्हय रे?
स्वस्त पडतं, मी सांगतो.
ते अर्धंच खरं.

फिल्म मडगावच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतली,
मणेरकरांनी पिशवी भरून दिलेली.
मुदत संपून अकरा वर्षं झाली.
डब्यावर चारशे छापलंय, मी शंभर धरतो;
ऐकू कमी येणाऱ्याशी बोलावं
तसा उजेड जरा मोठ्याने द्यावा लागतो.
चिऱ्याची भिंत, खाणीच्या ट्रकची धूळ,
इनासचा निळा शर्ट
तिला सगळं एकाच घरातलं वाटतं.

न्हाणीघर. दाराच्या फटीत ओला टॉवेल.
काळोख असूनही मी डोळे मिटतो.
बोटं रिळाची खाच शोधतात, चुकतात,
फिल्म करकरते. पुन्हा पहिल्यापासून.
बाहेरून वृंदा:
आंघोळ करतोयस की लपलायस?

मग दिवा. बर्फात टाकी,
टाकीत वृंदाचा केकचा थर्मामीटर, न विचारता घेतलेला.
सव्वीस. तेवीस. साडेएकवीस.
पुरे.
दर मिनिटाला टाकी उलटी, सुलटी,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तशी.
त्यावर माडाचं विनागर, पाण्यात पातळ केलेलं,
इनासच्या एस्पेरांसने लोणच्यासाठी दिलं होतं.
मग हायपो.
मग विहिरीचं पाणी, त्याच बालदीने, दहादा.

दोरीवर परकरांच्या मध्ये
इनास वाळतोय, बारा वेळा.
दात काळे. पिकलेले केस काळे.
बर्फ तर कोळशाचा ढीग.
शेवटच्या चौकटीत, डोक्यावरच्या आभाळात
एक गोल डाग.
नख लावून पाहिलं: तारल्याचा खवला.
राहू दिला.

एक तारखेपासून मासेमारी बंद.
बंदी उठेल तेव्हा टेम्पोवर दुसरा कोणी असेल.
इनासचा पोर्तुगालचा पासपोर्ट आलाय,
स्विंडनला भाचा आहे, गोदामात काम आहे.
थंय बर्फ फुकट पडटा, म्हणाला,
फावडें व्हरूं काय?
आणि स्वतःच इतका हसला
की तो फोटो हलला.

माझ्याकडे एन्लार्जर नाही.
शेवटच्या सहा चौकटींची पट्टी कापली,
बटर पेपरात गुंडाळून पाकिटात घातली.
वर लिहिलं: खिडकीशी धरून बघ.
मग आठवलं, तिथे हिवाळ्यात
चारलाच काळोख पडतो म्हणे.
खोडलं नाही.
खाली बारीक अक्षरात लिहिलं:
जेवणाच्या आधी.