दोन निळे

नकाशात हिरवा म्हणजे शेती.
पिवळा म्हणजे माणसं राहणार.
मिश्र वापराला
पिवळ्यावर निळ्या तिरक्या रेघा:
खाली दुकान, वर फ्लॅट, मधे जिना.
बावीस वर्षं मी हे रंग भरतोय,
आधी ट्रेसिंगवर, चुकलं की ब्लेडनं खरवडून,
आता माऊसनं.
चुकलं तर खरवडायला काहीच उरत नाही.

आणि एक निळी रेघ वेगळी असते.
पंचगंगा किती आत येते
त्याची ती खूण.
दोन निळे शेजारी आले
की प्रिंटर गोंधळतो.
साहेब म्हणाले, पूररेषा जरा फिकी कर.

नदीच्या अंगाला, जिथं डांबर संपतं
आणि बंद गुऱ्हाळाचं धुराडं उभं आहे,
तिथल्या नऊ गटांवर तिरक्या रेघा मारल्या.
एका गटापाशी निळी रेघ
थोडी बाहेर वळवली.
खडक आहे तिथे, असं टिपणात लिहिलंय.
मी पाहिलाय तो गट.
उसाचा पाला, एक बोअर,
आणि ‘साइट ऑफिस’ लिहिलेला कंटेनर.

हरकतींची सुनावणी मंगळवारी.
खुर्च्या कमी, पंखा साहेबांच्या बाजूचा.
टोकन सदतीस: लगमव्वा गवळी.
डोक्यावर पदर, हाताला शेणाचा
आणि साबणाचा मिळून वास,
सातबारा दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेला.
मोजणीला गेलो तेव्हा तिचा गोठा पाहिला होता,
खाली म्हशी, वर कडबा, मधे शिडी.

आम्हाला वाटलं, म्हणेल रान जाऊ देणार नाही.
त्याला द्यायचं उत्तर छापून तयार होतं.

ती म्हणाली,
“सगळ्यांचं पिवळं केलंसा.
माझ्या अकरा गुंठ्यांवर काय राग?
सात म्हशी, एक पोरगा,
त्यो बी येरवाळी उठत न्हाई.
माझ्या मागं कोण काढणार धारा?
मलाबी मारा की रेघा तिरक्या.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी पडद्यावर बोट ठेवलं:
मावशी, तुमचं रान पूररेषेत येतं.

“येतंय की पाणी. मी कुठं न्हाई म्हणतो?
गव्हाणीपतोर आलं तवा
म्हशी सोडून रस्त्याला मीच नेल्या.
पण शेजारच्याच्या रानात
माझ्या आधी येतंय. चांगलं दोन हात आधी.
त्याचं पिवळं केलंसा.
रेघ वढताना पाण्याला इचारलं न्हाईसा,
मला तरी इचारायचं.”

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना.
इतिवृत्तात मी लिहिलं:
‘अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले.’
शेजारच्या रानाचं वाक्य
लिहिलं, खोडलं.
“बरं, येतो मी,” म्हणाली,
आमच्याकडे बायकाही असंच म्हणतात,
आणि दाराबाहेर बराच वेळ
चपला शोधत राहिली.

रात्री कट्ट्यावर गेलो, नेहमीसारखा.
म्हशींच्या रांगेत तिसरी तिची,
हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.
ती उकिडवी बसली, आचळ धुतलं,
धार पेल्यात वाजत राहिली.
फेस काठोकाठ आला.
मी पैसे पुढे केले.
तिनं ओळखलं का, कळलं नाही.
“थांबा,” म्हणाली, “फेस बसू दे.
मग कळंल किती हाय त्ये.”

उभा राहिलो.
फेस हळूहळू खाली जात होता
पेल्याच्या आतल्या अंगाला
वर एक रेघ सोडून.