दर ईस्टरला तेच

गुडघे टेकत नाहीत आता, फादर वैदोतास,
उभ्यानंच सांगते.
जाळीआडून तुमच्या श्वासाला लसणाचा वास येतोय.
बरं वाटलं, माणूस आहात.

पाप एकच. तुमच्या आधीच्या तिघांनी ऐकलेलं.

एकोणपन्नासचा मार्च. बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या.
झिग्मास बिटांच्या तळघरात,
आणि उंबऱ्याशी यादी घेऊन तो कोवळा अधिकारी.
पोरगा या दारातून आत आला?
या दारातून नाही, मी म्हटलं.
खरंच होतं. खिडकीतून आला होता.
गावातल्या पोरांना धर्मशिक्षण मीच द्यायची, फादर;
खरं कसं दुमडून ठेवायचं
ते मला रुमालाच्या घडीसारखं येत होतं.

पण तो शहाणा निघाला. टोपी काढली.
म्हणाला, आई, तो घरात आहे का?
आई म्हणाला.
त्या प्रश्नाला खिडकी नव्हती.

नाही, म्हटलं.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
त्या दिवशी माझ्या जिभेला कणा होता.

आता तुम्ही सेमिनरीतलं सांगाल:
ज्याचा सत्यावर हक्कच नाही त्याला नाकारलं तर ते खोटं नव्हे.
पहिले फादर हेच म्हणाले.
दुसरे म्हणाले, जग वाचत असलं तरी एकही खोटं चालत नाही.
तिसरे नुसते रडले. त्यांचा भाऊ सैबेरियात गेलेला.

आणि झिग्मास काही संत झाला नाही.
प्यायचा, बायकोला मारायचा,
माझी बदकं दोनदा चोरली त्यानं.
चांगला निघाला असता
तर ते 'नाही' पुण्याच्या खात्यात मांडून
मी कधीच मोकळी झाले असते.

मला समजावू नका. क्षमा करा.
पण क्षमेआधी म्हणावं लागतं ना,
पुन्हा असं करणार नाही?
तिथेच गाडं अडतं.
तो आज दारात आला,
टोपी काढून आई म्हणाला,
तर मी काय बोलेन
ते मला माहीत आहे,
तुम्हाला आहे,
आणि त्या क्रुसावरच्यालाही.

मग इथे,
या जाळीला नाक लावून,
खोटं बोलू?

विचार करा, घाई नाही.
मागे फक्त ऊर्शुले थांबलीय,
तिची पापं नेहमी थोडक्यात आटोपतात.