धुरा

शेवटची बंडी काट्यावरून उतरली.
बाबांनी पावत्यांच्या गठ्ठ्याला रबर लावलं,
खुर्ची सोडली: "घे माय, आता तुहा कम्प्युटर."

डबा एकच.
दिवसा त्यात विंडोज, काट्याचं सॉफ्टवेअर,
भरली गाडी, रिकामी गाडी, फरक क्विंटलमध्ये.
रात्री तोच डबा मी लिनक्समध्ये उघडते.
पंचवीस जीबीच्या तुकड्यात माझं सगळं शिकणं
गुडघे पोटाशी घेऊन बसलेलं.
काल तेही भरलं. लॉगिनच्या दारातच अडकलं मशीन.
आणि शेजारी डी ड्राइव्ह, तीनशेचा,
निम्म्याहून जास्त पडीक.

"घे ना मंग त्यातलं," बाबा म्हणाले.
आणि लगेच, "पण माह्या पावत्या?"

चार हजार दोनशे अकरा. अख्खा हंगाम.

म्हणून आधी पावत्या.
एक प्रत या पेनड्राइव्हवर, एक त्या.
कॉपी झाली एवढ्यावर भागत नाही,
मधलीच एक उघडून पाहिली:
डोमाजी आत्राम, पारवा, नऊ क्विंटल वीस.
एक पेनड्राइव्ह बाबांच्या खिशात गेला,
तंबाखूच्या पुडीशेजारी.

डी आवळला तो विंडोजच्याच हातानं.
ज्याचं वावर, त्यानंच धुरा सरकवावा.
मग त्याला झोपवलं, पण ते झोपत नाही पुरतं,
डोळे मिटून एक पाय दारात ठेवतं.
तो फास्ट स्टार्टअप काढला.
पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं.

पडद्यावर आडवी पट्टी, रंगांचे तुकडे.
बाबा वाकून पाहतात, मोजणीचा नकाशा पाहावा तसे.
"हे सुरुवातीचं बारकं काय वं?"
शंभर एमबी.
"पांदण," मी म्हटलं.
दोघंही तिथूनच आपापल्या घरी जातात.
कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही ती,
पण नांगरली, की दोघंही बाहेर.
बाबांनी पडद्यावरचं बोट मागं घेतलं.

मोकळी जागा माझ्या डाव्या अंगाला.
म्हणजे नुसतं पसरून भागत नाही,
अख्खं घर उचलून तिकडे न्यायचं, एकेक भांडं.
अंदाज: दोन तास वीस मिनिटं.
मध्येच लाईन गेली, तर भांडं
ना या घरात, ना त्या.

यूपीएसची बॅटरी फुगलेली, पाच मिनिटांची धनी.
साडेदहाला गंगाधर मडावी वायरमनला फोन लावला.
दादा, एक वाजेपर्यंत लाईन नका काढू.
"काहून? लग्न हाय काय घरी?"
"धुरा सरकवतोय."
तो थोडा वेळ गप्प.
"रातच्याला? भांडण तं नाही ना?"

पावणेबाराला बल्ब पिवळा पडला.
बाबांनी खिसा चाचपला.
मी काहीच दाबलं नाही. काही न दाबणं
हेच तेव्हा सगळ्यात मोठं काम होतं.
बाहेर जिनिंगच्या कुंपणाला अडकलेला कापूस
हलत होता, थांबत होता.
बल्ब परत पांढरा झाला.

एक वाजायला दहा कमी.
आधी विंडोज उठवलं. डोमाजी आत्राम, नऊ क्विंटल वीस.
मग माझं घर. पासष्ट जीबी, पाय लांब करण्याइतकं.

दोन्हींच्या मधात मात्र एक मेगाबाइट उरला,
पातळ करडी रेघ, कोणाचीच नाही.
मी तीही जोडायला निघाले
तर बाबांनी माउसवरचा हात धरला.
"राहू दे वं. इतकं तं लागतेच मधात.
नाही तं मुंगूस कुठून जाईन?"