हाडओळख

रविवारी ते टेकड्या चढतात,
सोमवारी त्यांची हाडं माझ्याकडे येतात.
स्वान्सीच्या इस्पितळात खालच्या मजल्यावर माझी खोली :
शिशाचा एप्रन, थंड टेबल,
श्वास घ्या. धरून ठेवा. सोडा.
बहुतेकदा कॉलरबोन, बहुतेकदा डावी.
कुणाचं मनगट. कुणाच्या कानात अजून चिखल.
आणि हसत असतात मेले,
हात झोळीत, दात बाहेर.
ते हसणं फिल्मवर येत नाही.

बारा वर्षं मी नुसती हाडं बघितली.
तेराव्या वर्षी सायकल घेतली,
गेथिन प्रॉसरची, जुनी, पुढचा शॉक जरा कण्हणारी.
गेथिनची माझी तोंडओळख नव्हती, हाडओळख होती :
तीन फ्रॅक्चर, त्यातलं एक वाकडं जुळलेलं.

आधी दोन महिने किनाऱ्याचा सपाट रस्ता.
ओहोटीला इथला समुद्र इतका मागे जातो
की वाटावं, काहीतरी विसरलं म्हणून घरी परतलाय.
पलीकडे पोर्ट टॅलबटच्या चिमण्या, धूर नसलेल्या.
बाबागाड्या, ओले कुत्रे, आइस्क्रीमची रांग.
मम्बल्सला जाताना वारा समोरून.
येताना वळेल म्हटलं,
तर येतानाही समोरूनच.

मला सायकल येत होती, तशी.
वेंगुर्ल्यात तासाला आठ आणे,
मधल्या दांड्याखालून पाय घालून,
ब्रेक म्हणजे पायातली स्लिपर.
हे गेथिनला सांगितलं
तर त्याने माझ्या बुटांकडे काळजीने बघितलं.

मग मे महिन्यात केव्हन ब्रिन.
चढ असा, की बोलणं आधी संपलं, मग विचार,
मग फक्त पुढच्या चाकासमोरचा हातभर रस्ता उरला
आणि गिअरची कटकट.
वर गेलं की दोन्हीकडे समुद्र दिसतो.
गेथिन म्हणाला, ‘उतरताना दगडाकडे बघू नकोस, शरयू.
जिकडे बघशील तिकडे सायकल जाईल.’

दगडाकडे नाहीच बघितलं मी.
समुद्राकडे बघितलं.
सायकल इमानेइतबारे तिकडे निघाली.

मध्ये गॉर्स होतं.
पिवळ्या फुलांचं, दिसायला सोज्वळ,
आत नुसत्या सुया.
मी त्यात पाठीवर, सायकल माझ्यावर,
मागचं चाक फिरतंय टिक टिक टिक,
एक रानटी घोडी मान वर करून बघते
आणि परत गवताला लागते.

आणि तेवढ्यात वास आला.
खोबऱ्याचा.
आत्ता खवलेल्या नारळाचा,
गूळ पडायच्या आधीचा,
हळदीची पानं धुऊन निथळत ठेवलीत तेव्हाचा.
या डोंगरावर! वेल्समध्ये! काट्यांतून!
कोण खवतंय म्हणून मी खरंच डोकं वळवलं,
तर गालात आणखी दोन सुया.
गेथिन वरून ओरडत होता, ‘हाड? हाड?’
आणि मला उत्तर द्यायचं सुचेना,
मी आपली वास घेत पडलेली.

हाड नव्हतं मोडलं.
त्याची बहीण एलुनेड, तिच्या सीटखालच्या पिशवीत
ट्यूब, पान्हा, आणि भुवयांचा चिमटा.
तिने मला दगडावर बसवलं, चष्मा नाकावर सरकवला.
‘आमच्याकडे काट्याने काटा काढतात,’ मी म्हटलं.
‘आमच्याकडे चहा पाजून,’ म्हणाली, आणि थर्मास उघडला.
एकोणतीस निघाले. ती मोठ्याने मोजत होती, वेल्शमध्ये.
तिसावा कोपराशी मोडला, आत राहिला.

सोमवारी एक पोरगा आला, डावी कॉलरबोन.
फॉर्मवर प्रश्न आहे : इजा कशी झाली?
मी विचारलं, ‘गॉर्स फुललंय का अजून तिकडे?’
तो बघतच राहिला.
मग हसला, दुखत असून.
श्वास घ्या, म्हटलं. धरून ठेवा.
बटण दाबताना कोपर टोचलं.
काटे एक्स-रेत दिसत नाहीत,
एवढं तरी मला कामावरून माहीत होतं.